आंबवणीचं पहिलं पाणी

तनुजानं ताटातली पुरणपोळी उचलली, बाजूच्या रिकाम्या ताटात ठेवली आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा मोडला. एवढंच केलं तिनं. पण माझ्या डोळ्यांदेखत केलं, माझ्या जावेच्या, केसरबाईच्या डोळ्यांदेखत केलं, आणि ज्या दिवशी आमच्या घरात पोळीला नाही म्हणायचं नसतं नेमकं त्याच दिवशी केलं. चोपन्न वर्षं मी या घरात पोळ्या लाटते. माझे मालक तात्या, त्यांच्या कचेरीतले साहेब जेवून गेले, सोयरीक मोडायला आलेले पाहुणे जेवून गेले. बांधाच्या भांडणाला आलेला माणूसही आधी जेवला, मग भांडला. सारजाबाईची पोळी बाजूला ठेवायची हिंमत कुणी केली नाही. आणि ही माझी नातसून, शिवराजची बायको, सहा वर्षं माझ्या हातचं खाऊन मला म्हणते कशी, "आजी, आज नको."

आज नको म्हणजे काय? आजच तर पोळीचा दिवस.

घर आमचं हर्सूलला, आणि मोसंबीची बाग फुलंब्रीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. आंबे बहार धरायचा म्हणजे दिवाळीनंतर बागेचं पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. दीड महिना झाड तहानेलं राहतं, पानं पिवळी पडून गळतात, नवख्या माणसाला वाटतं बाग गेली. मग संक्रांतीच्या पुढंमागं एका दिवशी ताण तोडायचा, पहिलं हलकं पाणी द्यायचं. ती आंबवणी. त्यानंतर तीन आठवड्यांत झाड असं फुलतं की रस्त्यानं जाणारा माणूस मोटारसायकल थांबवून वास घेत उभा राहतो.

आता ठिबक आलंय, कळ फिरवली की सगळ्या बागेला पाणी. पण विहिरीजवळच्या म्होरक्या झाडाला अजून दांडानंच, म्हणजे मातीच्या पाटानंच पाणी जातं, आणि त्या दांडाचं तोंड घरातल्या लेकुरवाळीनं खुरप्यानं फोडायचं, असा आमचा दस्तूर. माझ्या सासूनं फोडलं, मी फोडलं, माझी सून मेघा हिनं अठ्ठावीस वर्षं फोडलं. औंदा दसऱ्याला मेघा म्हणाली की गुडघे बसू देत नाहीत, खुरपं आता सुनेच्या हातात देते. मी म्हटलं, दे की, तिच्या कडेवर लेकरू आलं की दे. तनुजा तेव्हा मोरीपाशी तांदूळ धूत होती. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले नव्हते. माझा आवाजच मोठा आहे.

आता गोळीचं सांगते, कारण भानगड तिथून सुरू झाली.

मला अकरा वर्षं शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ एक गोळी. पांढरी, लांबट, मधोमध रेघ. अक्षरं मला जुळवत बसावी लागतात, पण माझी गोळी मी नुसत्या बोटांनी ओळखते. दवाखान्यात गेलं की तो डॉक्टर गोडावरनं कटकट करतो. मी म्हणते, गोळी खाते ना, मग गोळीनं तिचं काम करावं, मी माझं करते. सणाच्या दिवशी तुपात भिजलेल्या दोन पोळ्या मी खाते आणि वर गोळी घेते. आमच्या दोघींचं जमलेलं आहे.

तर दिवाळी झाली आणि माझ्या पाकिटातल्या दोन गोळ्या कमी भरल्या. दोनच दिवसांनी जवसाच्या चटणीच्या डब्यामागं मला एक पाकीट सापडलं. तीच गोळी, तीच रेघ. तो डबा तनुजाचा; जवस, मेथ्या, असलं काय काय ती सकाळी उठून खाते आणि हर्सूलच्या तळ्यावर चालायला जाते. अंग उतरवायची ही शहरी हौस असं मी धरून चालले होते. पाकीट बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरीला शुगर आहे. लग्नाच्या आधीपासून असणार. तिच्या भोकरदनच्या बापानं लपवून लग्न लावलं. म्हणून लेकरू राहत नाही.

चार दिवस मी ही गोष्ट पोटात ठेवली. चार दिवस म्हणजे माझ्या हिशेबानं लई झाले. पाचव्या दिवशी माझी धाकटी जाऊ केसरबाई तीळ निवडायला येऊन बसली आणि मी तिला सांगून टाकलं.

ती माझी चूक. एकदा सांगितली, पुन्हा सांगणार नाही.

*

आंबवणीच्या दिवशी सकाळी काय झालं ते मला नंतर माझ्या नातीनं, राजनंदिनीनं सांगितलं. ही शिवराजची धाकटी बहीण, कॉलेजात जीवशास्त्र शिकते आणि घरात सगळ्यांना शिकवते. त्या सकाळी नणंद-भावजय स्कूटीवर निघाल्या, म्हणे गुलमंडीच्या बाजारातनं दांड फोडणारीच्या ओटीचा खण आणायचा आहे. खण आणला, हिरवा, काठ चांगले होते. पण गुलमंडीच्या आधी दोघी गेल्या डॉक्टरीण बाईंकडं. शिवराज गेला नाही, तो विहिरीवर मोटार बघायच्या नावाखाली हातात फोन घेऊन बसला होता. नवरा-बायको दोघं एकदम दिसेनासे झाले तर आजीला वास लागेल, असं त्यांनी ठरवलं होतं. बरोबर ठरवलं होतं.

राजनंदिनी म्हणते, त्या खोलीत पडदे लावून अंधार केलेला असतो आणि एक पडदा टीव्हीसारखा उजळलेला असतो. तनुजा त्या टेबलावर दीड वर्षात इतक्यांदा झोपली की तिथल्या मोनाली सिस्टर तिला नावानं हाक मारतात, उशी कशी हवी ते न विचारता देतात. दर वेळी पडद्यावर दिसायचं तेच. अंडाशयाच्या कडेनं काळे काळे बारके गोल, पोत ओवावी तसे. पहिल्यांदा ते बघून तनुजा घाबरली होती, तिला वाटलं गाठी आहेत, कापाव्या लागतील. डॉक्टरीण बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. या गाठी नाहीत. ही तुझीच अंडी आहेत, निघाली होती, वाटेत बसली. प्रत्येक अंड्याच्या भोवतीनं पेशींचा थर असतो. त्या पेशी त्याला भरवतात, वाढवतात, पिकलं की सोडून देतात. तुझ्या अंगात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त तयार होतं, त्यानं पुरुषी हार्मोन वाढतं, आणि मग या भरवणाऱ्या पेशींना पुढं काय करायचं तो निरोपच नीट पोचत नाही. दहा-बारा अंडी एकदम उठतात आणि सगळी अर्ध्यात थांबतात. एकही पुढं जात नाही. म्हणून पाळी येत नाही, म्हणून दिवस जात नाहीत.

यात तुझा गुन्हा काहीच नाही, असंही बाई म्हणाल्या होत्या. राजनंदिनी म्हणते, वहिनीनं तेवढंच वाक्य दोनदा बोलायला लावलं.

मग चालणं सुरू झालं, भात-साखर कमी झाली, इन्सुलिन ताळ्यावर आणायला गोळी आली. माझीच गोळी. नंतर अंडं पिकायला महिन्यातनं पाच दिवसांची दुसरी गोळी आली आणि दर महिन्याला तो अंधारातला पडदा. गेल्या श्रावणात एक राहिलं होतं. सहाव्या आठवड्यात गेलं. त्या दिवशी मेघा तिच्याजवळ दवाखान्यात होती, आणि मला सांगितलं होतं की जालन्याला बहिणीकडं जाते. येताना बहिणीच्या घरचा म्हणून चिवडा आणून दिला. मी तो चवीनं खाल्ला आणि वर नावं ठेवली, मीठ जास्त झालंय म्हणून.

या वेळी पडद्यावर पोत दिसली नाही. एक लहानशी पिशवी, तिच्यात तांदळाएवढं काहीतरी, आणि त्या तांदळात काहीतरी लुकलुकत होतं. मोनाली सिस्टरनी कसलीशी कळ दाबली आणि खोलीभर आवाज झाला, घोडं दौडत यावं तसा. राजनंदिनी तिथंच रडायला लागली. तनुजा रडली नाही. तिनं मान वर करून विचारलं, "मॅडम, एकच आहे ना?"

"एकच," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आणि चांगलं आहे."

दीड वर्ष बारा-बारा मोजून जिला काही मिळालं नाही, तिला त्या एकाचा काय आनंद झाला असेल. स्कूटीवर बसल्यावर ती हसायला लागली ते गुलमंडीपर्यंत हसत होती. शिवराजला फोन लावला, तर तो नुसता "हां, हां, मोटार चालू झाली" म्हणत राहिला, कारण मी त्याच्या शेजारी उभी होते. त्या मोटारीला काय एवढं झालंय म्हणून मी त्याला बोललेही होते. डोळे पुसत होता. म्हणाला, धूळ आहे.

खण घेताना तनुजानं राजनंदिनीकडनं शब्द घेतला. तीन महिने पुरे होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही. आईंना आपण सांगू, पण आजीला तर बिलकुल नाही. राजनंदिनीनं विचारलं, आजीला का नाही? तनुजा म्हणाली, "आजींना आनंद झाला तर तो फुलंब्रीपर्यंत ऐकू जातो. आणि श्रावणासारखं झालं तर त्यांचं रडणंसुद्धा तेवढंच ऐकू जाईल. मला आत्ता दोन्ही पेलायचं नाही."

राजनंदिनीनं हे मला सांगितलं तेव्हा मला राग यायला पाहिजे होता. मी वाट बघितली. आला नाही.

*

आंबवणीला उन्हं कलल्यावर पाणी सोडायचं, आणि त्याच्या आधी बागेतच जेवण. विहिरीपाशी चिंचेखाली पंगत बसली. तात्या, त्यांचे धाकटे भाऊ काकासाहेब, त्यांचा इंद्रजीत, इंद्रजीतची बायको आणि तिची दोन लेकरं, मेघा, शिवराज, पोरी. माझा सोमनाथ, म्हणजे शिवराजचा बाप, मार्केट यार्डातनं यायचा होता. केसरबाई माझ्या समोर. आणि तिथं ते पोळीचं घडलं.

मी तोंड उघडायच्या आत केसरबाईनं आपल्या पोळीवर तूप ओतून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तिला कशाला आग्रह करता आक्का. शुगर हाय ना तिला."

पंगतीतले हात थांबले.

शिवराजनं विचारलं, कुणाला शुगर आहे? केसरबाई म्हणाली, तुझ्या बायकोला रं, आम्हाला काय परक्यात धरता का, आक्कानंच सांगितलं मला तीळ निवडताना. आणि पुढं, जणू नुकतंच सुचलं असं दाखवत, म्हणाली की म्हणूनच वाटतं, औंदा खुरपं आमच्या सुनेच्या हातात द्यावं. दोन लेकरं आहेत तिला. मेघाचे गुडघे दुखतात, आणि दस्तूर तर राखलाच पाहिजे. बागेच्या बऱ्यासाठी बोलते, माझा त्यात काय फायदा. इंद्रजीतच्या बायकोनं मान खाली घातली. ती बिचारी चांगली आहे, तिला सासू निवडता आली नाही.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तनुजानंही बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर माझ्याजवळ तयार असतं. ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू हे व्हायचंच होतं, फक्त आज झालं.

शिवराज उठला. "आजी, तू बोललीस असं?"

मेघानं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. मग ती स्वतः उठली, गुडघ्यावर हात देऊन, हळू. माझ्या या सुनेनं तीस वर्षांत माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता, आणि त्या दिवशीही चढवला नाही. ती केसरबाईशी बोललीच नाही. माझ्याशी बोलली.

"आत्याबाई, तिला शुगर नाय. त्या गोळ्या शुगरच्या म्हणून नाय घेत ती. लेकरासाठी घेती. दीड वर्ष झालं घेती. मला ठाऊक व्हतं, तुम्हाला मीच सांगू दिलं नाय. काय बोलायचं ते मला बोला."

मी तिला बोलणार होते. शब्द गोळा करत होते. तेवढ्यात राजनंदिनी मधे घुसली. तिनं काडी घेतली, दांडाच्या कडेच्या मातीत एक मोठा गोल काढला, त्याच्या आत बारके गोल काढले आणि अंडी, पेशी, इन्सुलिन, सगळं धडाधड सांगायला लागली. पंगतीत बाप्ये बसलेत याचं तिला काही नाही. काकासाहेब हात धुवायच्या निमित्तानं उठून गेले. इंद्रजीतला मोबाइलात अचानक फार महत्त्वाचं काम निघालं. केसरबाईनं मात्र पोळी खाली ठेवली आणि पुढं वाकून बघायला लागली, तिला असल्या गोष्टीत रस असतो. सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे कोंबड्याच लई आणि अंडं एकबी नाय. राजनंदिनी म्हणाली, उलटं, काकीआजी. अंडी भरपूर आहेत. त्यांना वाढवणारं कुणी धड काम करत नाही.

तिथं मला काहीतरी टोचलं. काय ते लगेच कळलं नाही.

मी तात्यांकडं वळले. ते आपले शांतपणे कटाची आमटी पीत होते. तात्यांना कमी ऐकू येतं म्हणून घरातलं प्रत्येक माणूस त्यांच्यापाशी बसून मन मोकळं करून घेतं. पण गेल्या पाडव्यापासून त्यांच्या कानात मशीन आहे, आणि ते चालू असतं हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मला तेव्हा समजलं.

"तुम्हाला ठाऊक व्हतं," मी म्हटलं.

"शिवानं सांगितलं व्हतं," तात्या म्हणाले. "श्रावणातलंबी सांगितलं. रडला लई."

"मंग मला का नाय कुणी सांगितलं?"

तात्यांनी वाटी खाली ठेवली. "तू इचारलं कुठं? तू सांगत व्हतीस."

चोपन्न वर्षांत या माणसानं मला इतकं लांब उत्तर दिलं नव्हतं. श्रावणातलं म्हणजे काय ते मी मेघाच्या तोंडाकडं बघून ओळखलं, आणि तो खारट चिवडा माझ्या घशाशी आला.

तेवढ्यात तनुजा उठून माझ्यापाशी आली. पर्स उघडली, पाकिटातनं दोन गोळ्या काढल्या आणि माझ्या ताटाच्या कडेला ठेवल्या.

"आजी, दिवाळीत माझ्या संपल्या होत्या आणि दुकान बंद होतं. तुमच्या दोन घेतल्या. विचारायचा धीर झाला नाही. या परत."

म्हणजे मी बरोबर मोजल्या होत्या. एवढ्या बेअब्रूतसुद्धा मला त्याचं समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, घरातल्या पोरीला माझ्या दोन गोळ्या मागायचा धीर होऊ नये? गोळ्यांची मी कधी कुणाला ना केली नसती. पण मागायला आली असती तर कशाला पाहिजेत हे मी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं असतं. हेही खरंच.

*

मी उठले आणि म्होरक्या झाडापाशी गेले. जरा एकटं उभं राहायचं होतं, पण आमच्या घरात कुणी कुणाला एकटं सोडत नाही. सगळी पंगत माझ्यामागं आली. झाड पार उतरलेलं होतं, पानं आळ्यात पडलेली, फांद्या वाळल्यागत. मी खोडावर हात ठेवला. बाईमाणसाचं पोट आणि पेशी मला काय कळणार, पण झाड कळतं. बारमाही पाणी पीत राहिलेलं झाड नुसतं पाल्यानं माजतं. चार फुलं इथं, चार तिथं, कधीही, कुठंही, आणि धरत एकही नाही. नेटकं फळ यायचं तर झाडानं सगळा जोर एका वेळेला लावावा लागतो. मी राजनंदिनीला म्हटलं, तुझ्या त्या गोलातलं हे असंच का?

"थोडंफार, आजी," ती म्हणाली. "पण बाई म्हणजे झाड नव्हे. वहिनीला तहानेलं ठेवून काही होत नाही. तिच्या पेशींना भरवायला शिकवावं लागलं."

"ठाऊक हाय गं," मी म्हटलं. "पण मला समजायला झाड लागतं."

आणि तेव्हा ते टोचलेलं काय होतं ते हाताला लागलं. अंड्याभोवती जे असतात त्यांनी भरवायचं असतं. या पोरीभोवती आम्ही होतो. मी, मेघा, केसर, भरलं घर. सहा वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला मी तिला ओटीच्या वेळी आत चहा ठेवायला पाठवत होते, तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं, बाई, तुझं काय चाललंय. दसऱ्याला तर कडेवरच्या लेकराचं बोलून बसले होते. पाणी तोडणारी मीच.

मी मेघाकडं हात केला. तिनं खुरपं दिलं. मी ते तनुजाच्या हातात ठेवलं.

केसरबाई म्हणाली, "आक्का, दस्तूर लेकुरवाळीचा हाय."

"दस्तूर सासूबाईंनी माझ्या हवाली केला, केसर, तुझ्या नाय. आजपासनं तो असा. ज्यानं ताण सोसला त्यानंच तोडायचा."

तनुजा खुरपं धरून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, बघती काय, झाड दीड महिना थांबलंय. शिवराज पळत मोटारीकडं गेला, बटण दाबायला एवढं पळायची गरज नव्हती. पाणी विहिरीतनं वर आलं, दांडात फेस धरून धावत आलं आणि मातीच्या बांधाशी येऊन थटलं. मेघा गुडघे विसरून तनुजाच्या शेजारी बसली, तिच्या खुरप्यावरच्या हातावर तिनं आपला हात ठेवला, दोघींनी मिळून दांडाचं तोंड फोडलं. पाणी आळ्यात शिरलं, वाळली पानं तरंगायला लागली, तापलेल्या मातीचा वास उठला. तनुजाच्या साडीचा काठ भिजला तरी ती हलली नाही. ती हसत होती. मग राजनंदिनी हसायला लागली, मग इंद्रजीतची बायको, तिची लेकरं तर सरळ दांडात उतरली. तात्यांनी टोपी काढून झाडाला हात जोडले.

आणि केसरबाई? ती वारा बघून बाजू बदलते. चार पाय मागं राहून तिनं अंदाज घेतला, सगळी हसताहेत हे बघितलं आणि घाईनं हळदीकुंकवाची कोयरी उचलून सगळ्यांच्या पुढं आली. त्या हिरव्या खणानं तनुजाची लग्नानंतरची पहिली ओटी तिनंच भरली. नारळ ठेवताना म्हणाली, मी तर आधीपासनं म्हणत होते, पोरीचा हात चांगला आहे. अशा जावा नशिबानं मिळतात, घरात कंटाळा येत नाही.

ओटी घेऊन तनुजा माझ्या पाया पडायला वाकली. उठताना माझ्या कानाशी आली.

"आजी, दस्तूर मोडला नाही तुमचा."

मला समजलं नाही. मी म्हटलं, आत्ताच तर मोडला, सगळ्यांसमोर. ती ओटीचा पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. पलीकडं मोटारीपाशी शिवराज तिच्याकडं बघत होता, तोंडावर पुन्हा ती सकाळची धूळ. राजनंदिनीनं दोन्ही हात तोंडावर दाबले होते.

मी चार लेकरं जन्माला घातली, त्यातली दोन वाढवली. मला त्याहून जास्त सांगायला लागत नाही.

माझ्या छातीत अशी काही हाक दाटून आली की ती सुटली असती तर हर्सूलच्या जेलातले कैदी उठून बसले असते. मेघा डोळ्यांनी मला विनवत होती. तात्यांनी हळूच कानातल्या मशीनला हात लावला, आवाज कमी केला असावा. सगळ्यांना ठाऊक होतं मी काय करणार. मी दात आवळले. ती हाक गिळली. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ एवढी मोठी खबर होती आणि मी ती माझ्याजवळच ठेवली. श्रावणातल्या त्या दिवशी मी तिच्यापाशी नव्हते, त्याचं हे आता थोडं भरून दिलं.

पण गप्प उभी राहिले असते तर केसरबाईला शंका आली असती. ती टक लावून होतीच. म्हणून मी पंगतीकडं गेले, बाजूच्या ताटातली ती पोळी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा माझ्या नेहमीच्या आवाजात हाक मारली.

"तनुजा, इकडं ये. माझी पोळी बाजूला ठेवलीस, त्याचा निवाडा ऐकून घे. ही पोळी गायीला जाईल. भादव्यात महालक्ष्म्या जेवस्तोवर तुझ्या ताटात पोळी पडणार नाय. होळीला नाय, पोळ्याला नाय. आन् तवर माझ्याबी ताटात पडणार नाय. उद्या सकाळी तळ्यावर निघशील तवा मला उठव, मी येणार तुझ्यासंगं. हळू चालायचं, माझ्या पायानं. आपल्या दोघींची गोळी एकच हाय ना? मंग पथ्यबी एकच."